पाम लावला कुणी, जगवणार कोण?

स्वित्झर्लंड सरकारने १ सप्टेंबर २०२४ पासून काही परदेशी झाडांवर बंदी आणली. विकायची नाहीत, बाहेरून आणायची नाहीत, कुणाला भेट म्हणूनही द्यायची नाहीत. त्या यादीत चक्क एक पाम आहे! आधी मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. बर्फाच्या देशात पाम? आणि तोही इतका वाढलाय की सरकारला बंदी घालावी लागते?

मग खोदत गेलो. पत्रकाराला दुसरं काय येतं? खोदता खोदता लक्षात आलं की या पामचा आपल्या स्टेशन रोडवरच्या डिव्हायडरशी थेट संबंध आहे. वळण थोडं लांबचं आहे, युरोपातून फिरून यायचंय. चहा घेऊन बसा.

आधी झाडाची ओळख करून देतो. हा पाम मूळचा चीनचा. शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. पंख्यासारखी पानं आणि खोडावर तपकिरी केसाळ काथ्या, जणू झाडाने घोंगडी पांघरलीय. त्या काथ्याचे चीन-जपानमध्ये शेकडो वर्षं दोर, झाडू, पावसात अंगावर घ्यायच्या इरल्यासारखी पांघरुणं करत आले. नावातला फॉर्च्युनी म्हणजे रॉबर्ट फॉर्च्यून. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याला आणणारा हाच तो स्कॉटिश माणूस. १८४९ मध्ये त्याने या पामची रोपं इंग्लंडला धाडली. त्याच्याही आधी झीबोल्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने जपानमधून याचं बी युरोपात नेलं होतं. म्हणजे ज्या माणसामुळे आपण सकाळी कपभर चहा पितो, त्याच्याच नावाचा पाम आज लंडनच्या परसात उभा आहे.

याची खासियत काय? थंडी. नारळ दहा अंशाखाली कुरकुरायला लागतो, शून्याला मान टाकतो. हा मात्र नीट मुळं धरलेला असला की उणे १२, उणे १५ अंशांपर्यंत थोडा काळ तग धरतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुईसारख्या काट्यांचा नीडल पाम तर याहूनही चिवट. म्हणून लंडन, व्हँकुव्हर, जर्मनीतली ऱ्हाइनकाठची शहरं, असल्या ठिकाणी लोकांनी घरच्या बागेत पाम लावलेत. व्हँकुव्हरला तर इंग्लिश बेच्या समुद्रकिनाऱ्यावर सार्वजनिक जागेतही आहेत.

शाळेतला माझा एक मित्र बरीच वर्षं फ्रँकफर्टजवळ नोकरीला आहे. त्याच्या शेजारी एक जर्मन आजोबा राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या अंगणात असे दोन पाम. मित्राला म्हटलं, "जरा विचार रे त्यांना, कसे जगवतात?" दुसऱ्या दिवशी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. आजोबा जर्मनमध्ये सांगतायत, मित्र मराठीत. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. त्यातलं सार तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट, जागा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी झाड लावायचं. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री ऊब देते. उत्तरेचं वारं अडतं. पाणी साचणारी जमीन चालत नाही, म्हणून खड्ड्यात खडी-वाळू घालून निचरा करून घ्यायचा.

दुसरी गोष्ट, वेळ. रोप पहिली तीन-चार वर्षं कुंडीतच, हिवाळ्यात कुंडी आत. खोड जाड झालं की मग जमिनीत. तेही मे महिन्याच्या मध्यानंतर. जर्मनीत ११ ते १५ मे या दिवसांना 'बर्फाचे संत' म्हणतात. हे संत गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही, अशी जुन्या माळ्यांची समजूत. आपल्याकडे मृग बघून पेरणी, तसंच हे. मे महिन्यात लावलं की मुळांना धरायला अख्खा उन्हाळा मिळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पामला वाढीचा कोंब एकच असतो, माथ्यावर, पानांच्या मधोमध. आंब्याची फांदी तुटली तर दुसरी फुटते. या पामचा कोंब कुजला की खोड बहुधा संपलंच. आणि कोंब नुसत्या थंडीने जात नाही, थंडी अधिक ओल याने जातो. पाण्याचे थेंब माथ्यात शिरतात, गोठतात, वितळतात, सड लागते. म्हणून हिवाळा आला की आजोबा पानं वर गोळा करून सैल बांधतात, माथ्यावर छत्रीसारखं झाकण घालतात. खोडाला गोणपाट, त्यावर हवा खेळती ठेवणारं पांढरं कापड. बुंध्याशी वीतभर जाडीचा पाचोळा, म्हणजे मुळांखालची माती दगडासारखी गोठत नाही. फारच कडाक्याचं असेल तर खोडाभोवती गरम होणारी वायर, थर्मोस्टॅट लावून. आणि थंडी जरा ओसरली की कापड उघडून हवा द्यायची, पुन्हा बांधायचं. गुंडाळून विसरून गेलात तर आतल्या आत कुजतो.

मार्चमध्ये परीक्षा. मधलं न उमललेलं भाल्यासारखं पान हलकेच ओढून बघायचं. घट्ट असेल तर पास. हातात आलं तर समजायचं, आत सड आहे. मग ती साफ करून, औषध ओतून वाट बघायची. कधी कधी त्याच जागेतून नवं पान वर येतं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये युरोपभर थंडीची जबर लाट आली होती. त्यात आजोबांचा आधीचा पाम गेला. पुढच्या मे महिन्यात त्यांनी नवा लावला. मित्राने विचारलं, इतका खटाटोप कशाला? आजोबांचं उत्तर मला फार आवडलं. म्हणाले, "याला इथे मी आणलं. तो स्वतःहून आला नाही. त्याची थंडी ही माझी जबाबदारी."

मित्रहो, आजची सगळी पोस्ट या एका वाक्यासाठी आहे.

एका माणसाच्या अंगणात जे होतं, ते शहराच्या पातळीवरही होऊ शकतं का? होतं. त्याच फ्रँकफर्टमध्ये माइन नदीच्या काठाला 'नित्सा' नावाची बाग आहे, फ्रान्समधल्या नीस शहरावरून नाव पडलेलं. एकोणिसाव्या शतकात केलेली. उत्तरेला काठाची उंच भिंत, समोर नदी, तोंड दक्षिणेकडे. म्हणजे आजोबांच्या भिंतीचीच मोठी आवृत्ती. त्या आडोशाला अंजीर, पाम अशी भूमध्य समुद्राकडची झाडं ठेवलीत. आधी जागा पाहिली, मग झाड निवडलं.

त्याच शहरात १८७१ मध्ये 'पाल्मेनगार्टन' म्हणजे पामची बाग लोकांसाठी खुली झाली. तिची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. नासाऊच्या ड्यूकचं राज्य १८६६ मध्ये प्रशियाने खालसा केलं. त्याच्याकडे उष्ण देशांतल्या झाडांचा मोठा संग्रह होता, तो विकायला निघाला. फ्रँकफर्टच्या नागरिकांनी पैसे जमवले, शेअर्स काढले, संग्रह विकत घेतला आणि त्यासाठी काचेचं भलंमोठं घर बांधलं. जी झाडं उघड्यावर जगणार नाहीत ती काचेखाली ठेवली. हट्ट होता, पण हट्टाचा खर्च आधी मोजलेला होता.

आता उलटी उदाहरणंही बघू, नाहीतर म्हणाल की युरोपाचे गोडवे गातोय.

फेब्रुवारी २०१७. इटलीतलं मिलान शहर, तिथल्या जगप्रसिद्ध चर्चसमोरचा चौक. एका मोठ्या कॉफी कंपनीच्या पैशातून चौकात पाम लावले. हाच आपला चिनी पाम. गावात दोन तट पडले. काही पुढाऱ्यांनी 'शहराचं आफ्रिकीकरण चाललंय' म्हणून बोंब ठोकली. एका रात्री कुणीतरी पामना आग लावली. गंमत बघा, झाड चीनचं, थंडी सोसणारं, इटलीच्या सरोवरांकाठी शंभराहून जास्त वर्षं वाढत आलेलं. पण भांडण आफ्रिकेवरून. झाडाला काय ठाऊक आपण कुणाच्या भांडणात उभे आहोत!

पोलंडची राजधानी वॉर्सा. तिथल्या मुख्य चौकात २००२ पासून एक उंच पाम आहे, पण खोटा. योआन्ना राइकोव्स्का या कलावतीने इस्राएलहून परत आल्यावर तो उभारला, कारण त्या रस्त्याचं नाव 'जेरुसलेम अव्हेन्यू'. खोट्या पामला थंडी नाही, पाणी नाही. पण जून २०१९ मध्ये पर्यावरण दिनाच्या सुमारास त्याची हिरवी पानं काढून वाळकी, मेलेली पानं लावली गेली. लोक दचकले. खोटं झाडही मेलेलं दिसलं तर माणूस दचकतो. आपल्या डिव्हायडरवर खरी झाडं मेलेली दिसतात, आपण गाडी पुढे काढतो.

आता स्वित्झर्लंडकडे परत. दक्षिणेला तिचिनो नावाचा भाग आहे, तुलनेने उबदार. तिथे घराघरांत हा पाम शोभेला लावला. पर्यटकांना आवडला, पोस्टकार्डांवर झळकला. पण पाखरांनी फळं खाऊन बिया रानात टाकल्या, हिवाळे सौम्य होत गेले आणि पाम कुंपण ओलांडून जंगलात शिरला. दाट वाढला की खाली स्थानिक झाडांची रोपं उठत नाहीत. शेवटी बंदी. घरातला आहे तो राहू शकतो, नवा विकता येणार नाही. म्हणजे एकाच झाडाच्या दोन तऱ्हा. जर्मनीत आजोबा त्याला जगवायला धडपडतात, तिकडे दीड-दोन पिढ्यांनी सरकार त्याला आवरायला धडपडतंय. झाड वाईट नव्हे. लावताना 'पुढे काय?' हा प्रश्न कुणी विचारला नाही, एवढंच.

तिसरा धोका आपल्या कोकणातल्या बागायतदारांच्या ओळखीचा आहे. सोंड्या भुंगा. नारळाचा गाभा आतून पोखरणारा. हा मूळ आपल्या दक्षिण आशियाकडचा. शोभेच्या खजुरांची मोठी झाडं एका देशातून दुसऱ्या देशात ट्रकने, जहाजाने जायला लागली, त्यांच्या पोटात बसून हा गडी इजिप्त, स्पेनमार्गे युरोपात पोचला आणि भूमध्य समुद्राकाठचे हजारो शोभेचे पाम त्याने लोळवले. हॉटेलच्या दारात तयार झाड हवं, उद्घाटनाला उंच दिसायला हवं, या घाईची ही किंमत.

उद्घाटन म्हटलं आणि आपण आपल्या गावात आलो.

आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो. अशा गावातल्या मुख्य रस्त्याच्या डिव्हायडरवर काय लावलं? रॉयल पाम. मूळचा क्युबा, कॅरिबियनकडचा, ओल असलेल्या जमिनीतला. मधे मधे बॉटल पाम. तो मॉरिशसजवळच्या एका चिमुकल्या बेटावरचा, तिथे रानात जवळपास संपत आलेला. बागेच्या दारात फॉक्सटेल पाम, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडचा. जगभरातले पाहुणे आपण बोलावले आणि दोन फूट रुंदीच्या सिमेंटच्या खोक्यात, तापलेल्या डांबराच्या मधोमध उभे केले. पहिल्या वर्षी टँकर आला. दुसऱ्या वर्षी आठवड्याने. तिसऱ्या वर्षी माणसांनाच पाणी आठ दिवसांआड, तिथे पामला कोण विचारतो? आज निम्म्याहून जास्त ठिकाणी नुसते खुंट उभे आहेत. पोळ्याला बैलांची मिरवणूक त्यांच्यामधून जाते, गणपती जातो, आमदार-खासदार जातात.

मी हे कुणा एका पदाधिकाऱ्यावर लिहीत नाहीये. सत्तेत कोणीही असो, पाम येतोच. शेजारच्या तालुक्यात वेगळा पक्ष, पाम तेच. त्यामुळे कमेंटमध्ये पक्षाचे झेंडे नकोत.

पाम का निवडतात, याची कारणं मी एका कंत्राटदाराला आणि एका अभियंत्याला विचारली. प्रामाणिकपणे सांगतो, ती अगदीच खोटी नाहीत. पामची मुळं झुपक्याची, जाड होऊन पेव्हर ब्लॉक उचलत नाहीत. फांद्या नसल्याने विजेच्या तारांची कटकट कमी. पाचोळा थोडा. आणि दहा-पंधरा फुटांचं झाड क्रेनने आणून एका दिवसात उभं करता येतं. वडाचं रोप उद्घाटनाच्या फोटोत दिसतच नाही, पाम दिसतो.

शेवटचं कारण खरं कारण आहे, बाकीची त्याच्या मागे उभी आहेत.

पण त्या यादीत सावली नाही. रॉयल पामची सावली केवढी? एक भाजीवाली मावशी टोपली घेऊन बसली तर टोपलीला सावली मिळेल, मावशीला नाही. स्टेशनपासून कोर्टापर्यंत चालत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एप्रिलमध्ये विचारा, त्याला देखावा हवाय की लिंबाचं झाड.

कुणी म्हणेल, म्हणजे परदेशी झाडं नकोतच का? अजिबात तसं नाही. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ सगळे बाहेरून आलेले. झाडाचा पासपोर्ट तपासणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही, मिलानमध्ये काय झालं ते वर लिहिलंच आहे. माझं म्हणणं जर्मन आजोबांचं आहे. आणायचं तर आणा, पण मग त्याची थंडी किंवा त्याचं ऊन तुमच्या अंगावर घ्या. जमत नसेल तर जे इथल्या उन्हात स्वतः उभं राहतं ते लावा.

आणि पामचीच हौस असेल तर आपल्याकडे कमी आहेत का? नाल्याकाठची शिंदी बघा. तिच्या पानांची केरसुणी होते, लक्ष्मीपूजनाला आपण तिलाच हळद-कुंकू वाहतो, आणि वर्षभर नाल्याकाठची शिंदी तोडतो. ताड आहे, कोकणात भेरली माड आहे. आणि थंडीचा पाम म्हणाल तर तोही भारतात आहे! उत्तराखंडात पिथोरागडजवळ थलकेदारच्या डोंगरात, दोन हजार मीटरहून उंच, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथे ट्रॅकिकार्पस ताकील नावाचा पाम रानात वाढतो. वर सांगितलेल्या चिनी पामचा सख्खा भाऊ. जंगलतोड, वणवे आणि काथ्यासाठी होणारी तोड यांमुळे दुर्मीळ झालाय. युरोपातल्या पामवेड्यांना ताकील हे नाव ठाऊक आहे, ते त्याचं बी शोधत असतात. आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? आपण रस्त्यावर क्युबा आणतो आणि कुमाऊं विसरतो.

आता मुद्द्याच्या मागण्या. नुसतं रडगाणं गायला ही पोस्ट नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी झाडं मोजायची तरतूद आहे. म्हणजे नवा कायदा नको, आहे तो वापरा.

एक. पुढच्या वृक्षलागवडीच्या निविदेत प्रत्येक झाडापुढे चार गोष्टी लिहा: नाव, पूर्ण वाढल्यावर सावली किती, उन्हाळ्यात पाणी किती, ते पाणी कुठून येणार. चौथा रकाना भरता येत नसेल तर ते झाड यादीतून काढा.

दोन. कंत्राटदाराचं शेवटचं बिल तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जून महिन्यात, जिवंत झाडं मोजून द्या. लावलेली मोजू नका, जगलेली मोजा. मोजायला दोन शाळांची मुलं बोलवा. मुलं खोटा आकडा लिहीत नाहीत.

तीन. वृक्षगणनेचा आकडा नगरपालिकेच्या दारात फळ्यावर लावा. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला एका सरांनी शिकवलं होतं, बातमी लिहिताना 'किती' विचारायला विसरू नका. तेच विचारतोय, किती लावली आणि किती उरली?

चार. जे पाम अजून जिवंत आहेत ते उपटू नका. ते आपण आणलेत. त्यांना पाणी द्या, बुंध्याशी पाचोळा घाला. मेलेल्या खुंटांच्या जागी, जिथे रुंदी आहे तिथे, कडुनिंब, करंज लावा. जिथे रुंदी नाही तिथे डिव्हायडर सोडा आणि रस्त्याच्या कडेला लावा, माणसं कडेनेच चालतात.

नगरपालिकेची सभा या महिन्याच्या अखेरीस आहे. ही चार कलमं साध्या अर्जावर लिहून मी सोमवारी आवक-जावकला देणार आहे, पोच घेणार आहे. ज्यांना सही करायची त्यांनी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेच्या पायऱ्यांशी यावं. येताना स्टेशन रोडवरून या आणि आपल्या दुकानासमोरचे, घरासमोरचे खुंट मोजून आकडा लिहून आणा. अर्जासोबत तोच जोडू.